आकाशवाणीची ती पहाटेची धून बनवणारा माणूस हिटलरमुळे मुंबईत आला होता

डहाणूतली एखादी चिकूची वाडी असो, तलासरीच्या नाक्यावरचं चहाचं दुकान असो की पुण्यातला एखादा जुना वाडा. ट्रान्झिस्टरच्या जमान्यात सकाळची सुरुवात सगळीकडे सारखीच व्हायची. रेडिओचं बटण फिरवलं की आधी नुसती खरखर. मग तंबोऱ्याचा संथ झंकार आणि त्यावर तरंगत येणारी व्हायोलिनची ती धून. त्यानंतर वंदे मातरम् आणि मग दिवसभराचे कार्यक्रम.

ही धून आपल्या आजी-आजोबांनी ऐकली, आईवडिलांनी ऐकली. आज ती यूट्यूबवर लावली तरी खाली कमेंटमध्ये लोक लहानपणीच्या आठवणी लिहीत बसतात. ऐकताना ती इतकी आपली वाटते, की एखाद्या भारतीय उस्तादाने किंवा पंडिताने ती बांधली असावी असंच कोणालाही वाटेल.

पण ज्या माणसाला या धुनीचं श्रेय दिलं जातं त्याचं नाव वॉल्टर कॉफमन. जन्म युरोपातला, धर्माने ज्यू, शिक्षण बर्लिन आणि प्रागमधलं. हिटलर सत्तेवर आला म्हणून हा माणूस मुंबईत आला, इथल्या सिनेमांना संगीत दिलं, रेडिओत नोकरी केली आणि १२ वर्षांनी निघून गेला.

हा माणूस नेमका होता कोण आणि मुंबईत काय करत होता, ते बघू.

ऑस्ट्रियन, चेक की जर्मन?

कॉफमन यांच्याबद्दल वाचायला गेलं की पहिला घोळ इथेच होतो. कुठे त्यांना ऑस्ट्रियन म्हटलेलं असतं, कुठे चेक, तर कुठे जर्मन. याचं कारण इतिहासात आहे.

त्यांचा जन्म १ एप्रिल १९०७ चा. गावाचं नाव कार्ल्सबाद. गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेलं हे गाव तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होतं, म्हणजे जन्माने ते ऑस्ट्रियन सम्राटाचे प्रजाजन. पहिलं महायुद्ध संपलं, १९१८ मध्ये साम्राज्य मोडलं आणि गाव नव्याने तयार झालेल्या चेकोस्लोव्हाकियात गेलं. घर तेच, गल्ली तीच, देश मात्र बदलला. घरात आणि गावात बोलली जायची ती भाषा होती जर्मन. आज ते गाव कार्लोवी वारी या नावाने ओळखलं जातं आणि तिथला फिल्म फेस्टिव्हल जगभर प्रसिद्ध आहे.

कॉफमन शिकायला बर्लिनला गेले. तिथे फ्रान्झ श्रेकर हे त्यांचे संगीतरचनेचे शिक्षक होते. श्रेकर स्वतः ऑस्ट्रियन, आणि त्या काळात ऑपेरा लिहिणाऱ्यांमधलं मोठं नाव. कुर्ट झाक्स यांच्याकडे ते संगीतशास्त्र शिकले. जगभरच्या वाद्यांचं वर्गीकरण करण्याची जी पद्धत आजही वापरली जाते, ती तयार करणाऱ्या दोघांपैकी एक म्हणजे हे झाक्स. बर्लिनमध्येच ब्रूनो वॉल्टर या नामांकित ऑर्केस्ट्रा संचालकाचे सहायक म्हणून कॉफमन यांनी ऑपेरात काम केलं.

थोडक्यात, पंचविशीतच पोराचं बस्तान बसत आलं होतं.

हातातोंडाशी आलेली डॉक्टरेट नाकारली

३० जानेवारी १९३३ ला हिटलर जर्मनीचा चॅन्सलर झाला. ज्यू संगीतकारांना ऑपेरा, ऑर्केस्ट्रा आणि संगीत शाळांमधून बाहेर काढायला लगेच सुरुवात झाली. श्रेकर यांची नोकरी गेली. झाक्स यांनाही देश सोडावा लागला. कॉफमन यांच्यासाठी बर्लिनचा दरवाजा बंद झाला.

प्रागच्या जर्मन विद्यापीठात त्यांनी डॉक्टरेटचं काम केलं होतं. पण आपले मार्गदर्शक गुस्टाव्ह बेकिंग हे तिथल्या नाझी तरुण संघटनेचे पुढारी आहेत हे कळल्यावर त्यांनी पदवी घ्यायलाच नकार दिला, असं त्यांच्या चरित्रात नोंदवलं आहे. ज्या वयात नावापुढे डॉक्टर लागण्यासाठी लोक जिवाचं रान करतात, त्या वयात हा माणूस ती पदवी सोडून उठला.

प्रागशी त्यांचं आणखी एक नातं होतं. त्यांची पहिली पत्नी गेर्टी ही जगप्रसिद्ध लेखक फ्रान्झ काफ्का यांची भाची, म्हणजे काफ्कांची बहीण एली हिची मुलगी. काफ्का १९२४ मध्येच वारले होते. पण त्यांच्या तिन्ही बहिणी पुढे नाझींच्या हत्याकांडात मारल्या गेल्या. त्यात कॉफमन यांच्या सासूबाई एलीही होत्या. युरोपात मागे राहणं म्हणजे काय, हे यावरून समजतं.

मग मुंबईच का?

इंग्लंड, अमेरिका, फ्रान्स असे सगळे देश सोडून हा माणूस मुंबईला का आला, असा प्रश्न पडणं साहजिक आहे.

पहिलं कारण साधं होतं. कॉफमन यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवलंय त्याप्रमाणे, इथला व्हिसा सहज मिळत होता.

दुसरं कारण जास्त रंजक आहे. भारतीय संगीताच्या रेकॉर्ड त्यांनी ऐकल्या तेव्हा त्यांना ते संगीत पूर्ण परकं वाटलं, काहीच समजलं नाही. आता अशा वेळी बहुतेक लोक काय म्हणतील? हे संगीतच मागासलेलं आहे, असं म्हणून मोकळे होतील. त्या काळचे कित्येक युरोपियन तसं म्हणतही होते. कॉफमन यांनी उलटा विचार केला. हे संगीत बुद्धी आणि भावना असलेल्या माणसांनी बनवलंय, लाखो लोकांना ते आवडतंय, तर मग कमतरता आपल्यात असली पाहिजे. त्यावर उपाय एकच, जिथे ते संगीत तयार होतं तिथे जाऊन ऐकायचं.

शिवाय मुंबईत ओळखीचा माणूस होता, चित्रपट दिग्दर्शक मोहन भवनानी. भवनानी यांनी सिनेमाचं तंत्र जर्मनीत शिकलेलं होतं.

फेब्रुवारी १९३४ मध्ये कॉफमन मुंबईत उतरले. वय २६. खिशात परतीचं तिकीट होतं, कारण फार दिवस राहायचा विचारच नव्हता.

ते परतीचं तिकीट तसंच राहिलं. ऑक्टोबर १९३८ मध्ये हिटलरने चेकोस्लोव्हाकियाचा सुडेटेनलँड हा भाग ताब्यात घेतला. कार्ल्सबाद त्याच भागात येतं. मार्च १९३९ मध्ये प्रागही गेलं. आता परत जायला गावही राहिलं नव्हतं आणि देशही.

दर गुरुवारी मैफल

मुंबईत आल्यावर काही महिन्यांतच कॉफमन यांनी बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी सुरू केली. चेंबर म्युझिक म्हणजे तीन-चार वादकांनी दिवाणखान्यात बसून वाजवावं असं संगीत. त्यातला सगळ्यात प्रसिद्ध प्रकार म्हणजे स्ट्रिंग क्वार्टेट. यात दोन व्हायोलिन, एक व्हिओला आणि एक चेलो असतो. व्हिओला हा व्हायोलिनचाच थोरला भाऊ, आकाराने जरा मोठा आणि आवाजाने खर्जातला.

दर गुरुवारी विलिंग्डन जिमखान्यात या सोसायटीची मैफल व्हायची. कॉफमन पियानोवर, मेहली मेहता व्हायोलिनवर आणि एडिजिओ वेर्गा हे इटालियन वादक चेलोवर. मे १९३७ पर्यंत १३६ मैफली झाल्या होत्या. तीन वर्षांतला हा आकडा आजच्या मुंबईतही मोठाच वाटेल.

यातले मेहली मेहता म्हणजे मुंबईचे पारशी व्हायोलिनवादक. १९३५ मध्ये बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा करण्यात त्यांचाच पुढाकार होता. त्यांचा मुलगा म्हणजे जगप्रसिद्ध संचालक झुबिन मेहता, जन्म १९३६, मुंबईच. हे झुबिन पुढे १९५४ मध्ये शिकायला कुठे गेले असतील? ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्नाला. म्हणजे तिकडचा एक संगीतकार जीव वाचवायला मुंबईत आला, आणि त्याच्या जोडीदाराचा मुलगा संगीत शिकायला मुंबईहून तिकडे गेला.

सिनेमातलं काम

आता सिनेमाकडे वळू.

१९३१ मध्ये आर्देशिर इराणींचा 'आलम आरा' आला आणि हिंदी सिनेमा बोलायला लागला. लगेच १९३२ मध्ये प्रभातचा 'अयोध्येचा राजा' मराठीत आला. सिनेमा बोलायला लागला म्हणजे गायलाही लागला. पण सिनेमासाठी संगीत करायचं म्हणजे काय, हे तेव्हा कोणालाच नीट माहीत नव्हतं. बहुतेक संगीतकार नाटकातून आलेले. पेटी, तबला, सारंगी हा ठरलेला ताफा. गाण्याची चाल उत्तम असायची, पण दोन गाण्यांच्या मधल्या प्रसंगांचं काय? कोणी रडतंय, कोणी पळतंय, वादळ आलंय, अशा वेळी मागे काय वाजवायचं?

याच्या उत्तराचा शोध सगळीकडे एकाच वेळी चालू होता. पुण्यात प्रभातमध्ये केशवराव भोळे पियानो, व्हायोलिन आणि हवाईयन गिटार यांचा वापर करून बघत होते. मालाडला बॉम्बे टॉकीजमध्ये सरस्वतीदेवी या पारशी संगीतकार बाई काम करत होत्या. आणि भवनानींकडे कॉफमन होते, जे ऑपेरा कोळून प्यालेले होते. नाट्यातल्या प्रसंगाला वाद्यांनी कशी साथ द्यायची हा ऑपेराचा मूळ विषय, त्यामुळे पार्श्वसंगीत म्हणजे काय हे त्यांना वेगळं शिकवायची गरज नव्हती.

भवनानी हे तेव्हाच्या मुंबईतलं धाडसी नाव. त्यांनी १९३४ मध्ये 'मजदूर' नावाचा सिनेमा काढला. लेखक होते साक्षात प्रेमचंद. गिरणी कामगारांवरचा हा सिनेमा मुंबईच्या सेन्सॉरने अडवून धरला, कारण शहरात गिरण्या होत्या आणि मालकही. त्यानंतर १९३६ मध्ये भवनानींचा 'जागरण' आला. या सिनेमाच्या संगीतात कॉफमन यांचं नाव एस. पी. राणे यांच्या जोडीने लागलं.

ही जोडीच सगळं सांगून जाते. चाल आणि राग सांभाळायला एक भारतीय संगीतकार, आणि वाद्यमेळ सांभाळायला स्वरलिपी लिहिता-वाचता येणारा एक पाश्चात्त्य शिक्षण घेतलेला माणूस. पुढची ४०-५० वर्षं हिंदी सिनेमाचं संगीत बहुतांशी याच पद्धतीने चाललं. फक्त दुसऱ्या माणसाच्या जागी युरोपियन ऐवजी गोव्याचे संगीतकार आले.

गोव्याच्या वादकांनी ती जागा घेतली

पोर्तुगीज काळात गोव्यातल्या चर्चच्या शाळांमध्ये पोरांना व्हायोलिन आणि स्वरलिपी शिकवली जायची. त्यामुळे मुंबईच्या सिनेमाला जेव्हा कागदावर लिहिलेलं संगीत बघून वाजवणारे लोक हवे होते, तेव्हा ते गोव्यात तयारच होते.

माजोर्डा गावचे अँथनी गोन्साल्विस १९४३ मध्ये मुंबईत आले आणि नौशाद यांच्या ताफ्यात व्हायोलिन वाजवायला लागले. सेबॅस्टियन डिसोझा यांनी शंकर-जयकिशन यांच्यासाठी वर्षानुवर्षं वाद्यमेळ लिहिला. गोन्साल्विस यांच्याकडे व्हायोलिन शिकलेला एक मुलगा म्हणजे लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले प्यारेलाल. 'अमर अकबर अँथनी' मधल्या अमिताभच्या पात्राला जे नाव मिळालं, ते याच गुरूचं.

म्हणजे व्हायोलिन किंवा व्हिओला हातात घेऊन सुरुवात करायची आणि सिनेमाचा संगीतकार किंवा अरेंजर व्हायचं, ही वाट मुंबईत पुढे चांगलीच रुळली. फरक एवढाच की गाण्याच्या तबकडीवर संगीतकाराचं नाव छापलं जायचं. वाद्यमेळ लिहिणाऱ्याचं नाव बहुतेक वेळा कुठेच नसायचं.

एकाच शहरात नाझी पक्षाचा सदस्यही आणि निर्वासित ज्यूही

त्या वेळची मुंबई फार विचित्र होती. बॉम्बे टॉकीजचे दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन जर्मन होते. अशोककुमार आणि देविका राणी यांचा 'अछूत कन्या' त्यांनीच केला. अस्पृश्यतेवरचा हा गाजलेला सिनेमा करणारे ऑस्टेन नाझी पक्षाचे सदस्य होते. आणि त्याच शहरात, त्याच धंद्यात, नाझींमुळे देशोधडीला लागलेले कॉफमन काम करत होते.

कॉफमन एकटे नव्हते. वॉल्टर लँगहॅमर हे ऑस्ट्रियन चित्रकार मुंबईत येऊन टाइम्स ऑफ इंडियाचे कला संचालक झाले. व्हिएन्नाचे इमॅन्युएल श्लेसिंगर इथे येऊन उद्योजक आणि चित्रांचे संग्राहक झाले. रझा, हुसेन, सूझा, आरा या प्रोग्रेसिव्ह चित्रकारांना सुरुवातीच्या काळात ज्यांनी उचलून धरलं, त्यात ही मंडळी होती.

विली हास हे प्राग-बर्लिनमधले नावाजलेले समीक्षक आणि पटकथालेखक. प्राग पडल्यावर १९३९ मध्ये तेही मुंबईला आले आणि भवनानींसाठी पटकथा लिहायला लागले.

सप्टेंबर १९३९ ला महायुद्ध सुरू झालं. ब्रिटिश सरकारने भारतातल्या जर्मन आणि ऑस्ट्रियन नागरिकांना शत्रूराष्ट्राचे नागरिक ठरवून पकडलं. ऑस्टेन यांनाही पकडलं. पण सरकारी कागदावर ज्यू निर्वासित आणि नाझी यांच्यात सुरुवातीला फरकच नव्हता, त्यामुळे हिटलरपासून पळून आलेले कित्येक ज्यूही छावणीत गेले. त्यातल्या काही कुटुंबांना आपल्या पुरंदर किल्ल्यावर आणि साताऱ्यात ठेवलं होतं.

चेकोस्लोव्हाकिया मात्र ब्रिटनच्या बाजूचा देश मानला जात होता, आणि कॉफमन यांचं गाव १९१८ मध्ये त्या देशात गेलं होतं. हिटलरने १९३८ मध्ये नकाशा बदलला, पण युद्धाच्या काळात कॉफमन मुंबईत रेडिओवर काम करत राहिले.

आणि ती धून

मुंबईत रेडिओ केंद्र सुरू झालं ते २३ जुलै १९२७ ला. ती खासगी कंपनी होती, १९३० मध्ये दिवाळखोरीत गेली. मग सरकारने सेवा हातात घेतली आणि ८ जून १९३६ ला तिचं नाव ठेवलं ऑल इंडिया रेडिओ.

नवीन नाव आलं, आता नवीन ओळख हवी होती. त्या काळी रेडिओवर योग्य स्टेशन पकडणं ही एक कसरत असायची. कार्यक्रम सुरू होण्याआधी एखादी ठरावीक धून वाजत राहिली तर लोकांना कळायचं की काटा बरोबर जागी आलाय. सिग्नेचर ट्यूनचा मूळ उपयोग हा असा.

१९३६ मध्ये बांधलेली ही धून शिवरंजनी रागावर आधारलेली आहे असं मानलं जातं. भूप राग माहीत असेल तर शिवरंजनी समजायला सोपा आहे. भूपातले पाच स्वर घ्यायचे, सा रे ग प ध, आणि त्यातला फक्त गंधार कोमल करायचा. एवढ्या एका बदलाने सगळा रंग पालटतो. भूप प्रसन्न वाटतो, शिवरंजनीत हुरहुर येते. 'मेरा नाम जोकर' मधलं मुकेश यांनी गायलेलं निरोपाचं गाणं याच रागातलं.

आता धुनीची बांधणी बघा. खाली तंबोरा, म्हणजे पूर्ण भारतीय पाया. वर व्हायोलिन, म्हणजे युरोपातून आलेलं वाद्य. ते मेहली मेहता यांनी वाजवलं असं सांगितलं जातं. पाश्चात्त्य संगीतात असतात तशा एकावर एक रचलेल्या स्वरांच्या उतरंडी इथे नाहीत. एकच सूर धरून त्यावर एकच चाल फिरते. दोन वर्षांपूर्वी ज्याला हे संगीत अजिबात समजत नव्हतं, त्याने काय ऐकायचं आणि काय वगळायचं हे शिकल्याची ही खूण आहे.

मग श्रेयावरून चर्चा का?

धुनीचं श्रेय सर्वसाधारणपणे कॉफमन यांनाच दिलं जातं, पण त्यावर अधूनमधून चर्चा होते. दुसऱ्या काही संगीतकारांची नावंही पुढे येतात. एक कारण तारखांचं आहे. धून १९३६ ची मानली जाते, तर मुंबई केंद्रात कॉफमन यांची संगीत विभागातली नोकरी १९३७ ची. अर्थात नोकरीआधीही बाहेरचा संगीतकार म्हणून ते रेडिओसाठी काम करूच शकत होते.

दुसरं कारण आपल्या सवयीचं आहे. धून, जिंगल, पार्श्वसंगीत या गोष्टी कोणी बनवल्या हे लिहून ठेवायची पद्धतच नव्हती. ती धून रोज वाजायची, पण वाजवल्यावर निवेदक कधी संगीतकाराचं नाव सांगायचा नाही.

१९३७ ते १९४६ अशी नऊ वर्षं कॉफमन मुंबई केंद्रात होते. 'अनसूया' हा त्यांचा रेडिओसाठीचा ऑपेरा १९३८ मध्ये मुंबईतूनच प्रसारित झाला. युद्धाच्या काळात सरकारच्या इन्फर्मेशन फिल्म्स ऑफ इंडियासाठी माहितीपटांना त्यांनी संगीत दिलं. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये याच कामातून फिल्म्स डिव्हिजन उभी राहिली आणि तिचे पहिले मुख्य निर्माते झाले मोहन भवनानी.

पण तेव्हा ही धून ऐकली किती लोकांनी?

'घराघरात वाजणारी धून' असं आपण आज म्हणतो, पण १९३६ मध्ये तसं नव्हतं. १९४७ ला देश स्वतंत्र झाला तेव्हा देशात ऑल इंडिया रेडिओची फक्त सहा केंद्रं होती. देशाच्या अडीच टक्के भागात आणि जेमतेम ११ टक्के लोकांपर्यंत प्रसारण पोहोचत होतं. रेडिओ लायसन्स होती पावणेतीन लाखांच्या आसपास.

म्हणजे मुंबईत कॉफमन ऑर्केस्ट्रा बसवत होते तेव्हा १०० मैलांच्या आत असलेल्या डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर रेडिओ ही चैनीची गोष्ट होती. तिथला प्रश्न पोटाचा होता. १९४५ मध्ये तलासरी तालुक्यातल्या झरी गावातून गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वेठबिगारीविरुद्ध वारली आदिवासींचा लढा उभा राहिला. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्यात पोलिसांनी गोळीबार केला.

रेडिओ खेड्यात शिरला तो पुढच्या दोन दशकांत. आधी ग्रामपंचायतीचा एकच सामुदायिक संच, मग हातात मावणारा ट्रान्झिस्टर. १९५६ मध्ये पुणे, नगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतल्या १५० गावांत शेतकऱ्यांच्या रेडिओ मंडळांचा गाजलेला प्रयोग झाला. त्याचा अभ्यास करणारे समाजशास्त्रज्ञ पॉल न्यूराथ हेही मूळचे व्हिएन्नाचे आणि नाझींच्या छळातून वाचलेले. या सगळ्या काळात ती धून खऱ्या अर्थाने गावोगाव पोहोचली. तोपर्यंत कॉफमन भारत सोडून गेले होते.

आदिवासींची गाणीही कागदावर उतरवली

कॉफमन फक्त शास्त्रीय रागांमागे लागले नव्हते. १९४१ मध्ये अमेरिकेतल्या एका नामांकित संगीत नियतकालिकात त्यांचा लेख छापून आला, विषय होता गोंड आणि बैगा आदिवासींची लोकगीतं. पुढे १९६० च्या आसपास बस्तरच्या माडिया आणि मुरिया गोंडांची गाणी आणि वाद्यं यावरही त्यांनी लिहिलं.

हे काम अवघड का असतं ते समजायला डहाणू-तलासरीचा तारपा बघा. सुकवलेला दुधी, बांबूच्या नळ्या आणि टोकाला ताडाच्या पानांचा कर्णा, असं हे वाद्य. भाताची कापणी होऊन दिवाळीच्या सुमारास रात्र रात्र ते वाजतं. वाजवणारा श्वास न तोडता फुंकत राहतो आणि नाचणाऱ्यांचा फेर त्याच्याभोवती फिरतो. वारली चित्रात मधोमध दिसणारा तो गोल फेर म्हणजे हाच नाच. आता हे पाच रेघांच्या कागदावर कसं लिहायचं? सूर लिहिता येतील, पण नाचाच्या वेगाप्रमाणे तारपेवाला जे बदलतो ते कसं लिहायचं? तारपा एका माणसाच्या हातून दुसऱ्याच्या हातात जातो आणि वाजवणाऱ्यांची नावं पाड्याबाहेर फारशी जात नाहीत.

आशियातल्या लोकांनी आपापलं संगीत लिहून कसं ठेवलं, या विषयावर कॉफमन यांनी १९६७ मध्ये आख्खं पुस्तक लिहिलं.

मुंबई सुटली

१९४६ मध्ये कॉफमन लंडनला गेले. तिथून कॅनडा. १९४८ मध्ये ते विनिपेग सिम्फनी ऑर्केस्ट्राचे पहिले संचालक झाले आणि जवळपास दहा वर्षं तिथे राहिले. १९५७ मध्ये अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात प्राध्यापक झाले.

भारत मात्र डोक्यातून गेला नाही. भारत सोडल्यावर त्यांनी 'मद्रास एक्सप्रेस' नावाची रचना केली, १९६५ मध्ये सहा भारतीय लघुरचना केल्या. १९६८ मध्ये 'उत्तर भारतातले राग' आणि १९७६ मध्ये 'दक्षिण भारतातले राग' हे त्यांचे दोन जाडजूड संदर्भग्रंथ आले. ज्याला एकेकाळी एकही राग कळला नव्हता, त्याच्या पुस्तकातून परदेशातले विद्यार्थी राग शिकायला लागले.

९ सप्टेंबर १९८४ ला अमेरिकेत ब्लूमिंग्टन इथे त्यांचं निधन झालं.

मागे काय राहिलं?

कॉफमन यांचे ऑपेरा, सिम्फनी, क्वार्टेट कित्येक वर्षं विद्यापीठाच्या कपाटात पडून होते. युरोपने त्यांना हाकललं म्हणून तिथे कोणी वाजवलं नाही. भारतात पाश्चात्त्य संगीताचा श्रोता कमी, म्हणून इथे कोणी वाजवलं नाही. अमेरिकेत ते रचनाकारापेक्षा प्राध्यापक म्हणून ओळखले गेले. नाझींनी मारलेल्या माणसांची मोजदाद झाली. पण जे वाचले, त्यांच्या हातून सुटलेल्या कामाची मोजदाद कोणी करत नाही.

२०२० मध्ये टोरंटोच्या एआरसी एन्सेम्बल या गटाने त्यांच्या चेंबर रचनांचा अल्बम काढला. देशोधडीला लागलेल्या संगीतकारांची विसरलेली कामं शोधून वाजवायची, हेच या गटाचं काम. त्या अल्बममधले क्वार्टेट ऐकताना व्हायोलिन आणि व्हिओला मधूनच भारतीय वळणं घेतात आणि मुंबईतली ती वर्षं ऐकू येतात.

ऑल इंडिया रेडिओचं इंग्रजी नावही आता मागे पडलं, २०२३ पासून फक्त आकाशवाणी एवढीच ओळख राहिली आहे. पुढच्या वेळी कुठे ती धून कानावर पडली, तर ती बांधणाऱ्याचं नाव म्हणून वॉल्टर कॉफमन हे सांगायला हरकत नाही.